सेंद्रिय संयुगांची रेणूरचना आणि जलविद्राव्यता : एक विवेचन

सारांश : ‘समानधर्मी पदार्थ समानधर्मी द्रावकात विरघळतो’ हा नियम रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मात्र या नियमाच्या आधारे केलेली अनुमाने वारंवार चुकतात. सेंद्रिय संयुगाची पाण्यातील विद्राव्यता ही पाण्याच्या रेणूंचे आपापसांतील बंध, संयुगाचे पाण्याशी होणारे बंध आणि संयुगाच्या रेणूंचे आपापसांतील बंध या तिन्हींच्या ताळेबंदावर ठरते, असे प्रस्तुत लेखात उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. यांतील तिसऱ्या घटकाकडे अध्यापनात होणारे दुर्लक्ष आणि त्याचे औषधनिर्मितीतील महत्त्व यांचाही परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : जलविद्राव्यता, हायड्रोजन बंध, समघटक, द्रवणांक, आयनीभवन, बहुरूपता.

प्रस्तावना

हळदीची पूड पाण्यात टाकली तर ती काही वेळाने तळाशी बसते. तीच हळद फोडणीच्या तेलात टाकली की तिचा रंग क्षणात तेलात उतरतो. हळदीला पिवळा रंग देणारे प्रमुख संयुग म्हणजे कर्क्युमिन. त्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचे सहा अणू असतात. ग्लुकोजच्या रेणूतही ऑक्सिजनचे अणू सहाच. परंतु १०० मिलिलिटर पाण्यात २५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ९० ग्रॅम ग्लुकोज विरघळते, तर कर्क्युमिन जवळजवळ विरघळतच नाही.

पदवी वर्गात हा प्रश्न विचारला असता विद्यार्थी प्रथम रेणूतील हायड्रॉक्सिल गट शोधतात. तो सापडला की ‘हायड्रोजन बंध तयार होतो, म्हणून संयुग विरघळते’ असे उत्तर देतात. कर्क्युमिनमध्ये दोन हायड्रॉक्सिल गट आहेत, हे सांगितल्यावर ते गोंधळतात. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपण त्यांना नियम दिला, पण त्या नियमामागील हिशेब दिला नाही. हा हिशेब कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विरघळण्याच्या क्रियेतील तीन घटक

एखादा घन पदार्थ पाण्यात विरघळतो तेव्हा तीन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, पदार्थाचा रेणू त्याच्या शेजारच्या रेणूंपासून सुटा व्हावा लागतो. दुसरी, त्या रेणूला सामावून घेण्यासाठी पाण्याच्या रेणूंमध्ये पोकळी निर्माण व्हावी लागते. तिसरी, त्या पोकळीत शिरलेल्या रेणूचे पाण्याशी नवे बंध जुळावे लागतात. पहिल्या दोन गोष्टींसाठी किंमत मोजावी लागते, तर तिसरीतून परतावा मिळतो. किंमत आणि परतावा यांतील फरकावर विद्राव्यता ठरते. वर्गात आपण बहुधा फक्त परताव्याविषयी बोलतो.

यांपैकी पोकळीच्या किमतीचा विचार प्रथम करू. पाण्याचा एक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधाने जोडला जाऊ शकतो. इतका लहान रेणू असूनही पाणी १०० अंशांना उकळते, ते या बंधांमुळेच. हेक्झेनसारखा हायड्रोकार्बन पाण्यात शिरला की त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना आपले हायड्रोजन बंध टिकवण्यासाठी ठरावीक दिशांनीच उभे राहावे लागते. त्यांचे स्वातंत्र्य कमी होते, म्हणजेच एन्ट्रॉपी घटते. लहान हायड्रोकार्बन सामान्य तापमानाला पाण्यात विरघळताना उष्णता शोषली जात नाही, उलट बहुधा किंचित उष्णता बाहेर पडते. तरीही ते फारसे विरघळत नाहीत. याचे कारण एन्ट्रॉपीतील ही घट होय. फ्रँक आणि इव्हान्स यांनी १९४५ साली या दिशेने विचार मांडला आणि कौझमन यांनी १९५९ साली प्रथिनांच्या संदर्भात त्याचे महत्त्व दाखवून दिले. हायड्रोकार्बनभोवती पाण्याची बर्फासारखी रचना होते, ही मूळ कल्पना पुढे शब्दशः स्वीकारली गेली नाही. एन्ट्रॉपीची भूमिका मात्र प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे.

या ठिकाणी एका शब्दाविषयी सावध राहणे इष्ट ठरेल. ‘जलविरोधी’ या संज्ञेमुळे तेलाचा रेणू पाण्याला दूर लोटतो, असे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात तयार होते. वस्तुतः तेल आणि पाणी यांच्या रेणूंमध्येही दुर्बळ आकर्षण असते. पाण्यावर टाकलेला तेलाचा थेंब पसरतो, तो या आकर्षणामुळेच. परंतु पाण्याच्या रेणूंचे परस्परांवरील आकर्षण त्याहून कितीतरी प्रबळ असते. तेल बाहेर राहते ते पाण्याच्या द्वेषामुळे नव्हे, तर पाण्याच्या रेणूंच्या आपापसांतील जवळिकीमुळे.

कार्बन शृंखलेची लांबी

अल्कोहोलांची समजातीय श्रेणी हे या हिशेबाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण होय. मिथेनॉल, इथेनॉल आणि प्रोपेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतात. पुढे मात्र चित्र बदलते. १०० मिलिलिटर पाण्यात सरल शृंखलेचे ब्युटेनॉल सुमारे ७ ग्रॅम, पेंटेनॉल सुमारे २ ग्रॅम, हेक्झेनॉल सुमारे ०.६ ग्रॅम, तर ऑक्टेनॉल केवळ ०.०५ ग्रॅमच्या आसपास विरघळते. या सर्व रेणूंत हायड्रॉक्सिल गट एकच आणि तोच आहे. म्हणजे मिळणारा परतावा जवळजवळ स्थिर राहतो. शृंखलेत वाढणाऱ्या प्रत्येक मिथिलीन गटागणिक पोकळीची किंमत मात्र वाढत जाते आणि विद्राव्यता दर टप्प्याला सुमारे तीन ते चार पटींनी घटते.

यावरून एक उपयुक्त दृष्टी मिळते. रेणूत ऑक्सिजन आहे की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. एका ऑक्सिजनला किती कार्बनांचा भार वाहावा लागतो, हे पाहणे आवश्यक आहे. ग्लुकोजमध्ये सहा कार्बनांमागे सहा ऑक्सिजन आहेत. कर्क्युमिनमध्ये तेवढ्याच ऑक्सिजनांवर एकवीस कार्बनांचा भार आहे.

कार्बनांची संख्या समान असली तरी त्यांची इलेक्ट्रॉनरचना महत्त्वाची ठरते. हेक्झेन आणि बेंझीन या दोहोंत कार्बनचे अणू सहाच आणि दोन्ही संयुगे अध्रुवीय गणली जातात. तथापि एक लिटर पाण्यात बेंझीन सुमारे १.८ ग्रॅम विरघळते, तर हेक्झेन जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. बेंझीनचे वलय आटोपशीर आहे आणि त्याच्या पाय इलेक्ट्रॉनांशी पाण्याचा हायड्रोजन दुर्बळ बंध जुळवू शकतो. या दोन कारणांनी हा मोठा फरक पडतो.

रचनेतील बदल आणि समघटक

रेणुसूत्र तेच ठेवून रचना बदलली तर काय होते, हे पाहण्यासाठी ब्युटेनॉलचे समघटक उपयोगी पडतात. सरल शृंखलेचे ब्युटेनॉल मर्यादित प्रमाणात विरघळते, हे वर पाहिले. हायड्रॉक्सिल गट दुसऱ्या कार्बनवर आला की विद्राव्यता बरीच वाढते. तृतीयक ब्युटेनॉल तर पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. शाखांमुळे रेणूचा आकार गोलाकडे झुकतो, पाण्याला सामोरा जाणारा हायड्रोकार्बनचा पृष्ठभाग कमी होतो आणि पोकळीची किंमत घटते.

याच रेणुसूत्राचा आणखी एक समघटक म्हणजे डायइथिल ईथर. सरल शृंखलेचे ब्युटेनॉल सुमारे ११८ अंशांना उकळते, तर ईथर ३५ अंशांना. उत्कलनांकांत एवढी तफावत असूनही दोहोंची पाण्यातील विद्राव्यता जवळपास सारखी, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ६ ते ७ ग्रॅमच्या घरात आहे. ईथरला स्वतःचा हायड्रोजन देता येत नाही, म्हणून ईथरच्या रेणूंमध्ये आपापसांत हायड्रोजन बंध होत नाहीत. पाण्याचा हायड्रोजन स्वीकारण्याची क्षमता मात्र त्याच्या ऑक्सिजनमध्ये आहे. हायड्रोजन बंध देणे आणि स्वीकारणे या दोन भिन्न क्षमता आहेत, हे या उदाहरणावरून ठसते.

ईथरच्याच दोन टोकांचे वलय झाले म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान मिळते. त्यात ईथरपेक्षा केवळ दोन हायड्रोजन कमी. परंतु वलयामुळे कार्बनच्या साखळ्या मागे बांधल्या जातात आणि ऑक्सिजन पाण्याला मोकळेपणाने उपलब्ध होतो. परिणामी हे संयुग पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते.

स्फटिकाची पकड : दुर्लक्षित घटक

आतापर्यंतची उदाहरणे प्रामुख्याने द्रव पदार्थांची होती. घन पदार्थांच्या बाबतीत स्फटिकातून रेणू सोडवण्याची किंमत निर्णायक ठरू शकते. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्ल हे एकाच सूत्राचे भौमितिक समघटक आहेत. दोहोंत दोन कार्बॉक्सिल गट आणि एक दुहेरी बंध आहे. २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात मॅलेइक आम्ल सुमारे ७९ ग्रॅम विरघळते, तर फ्युमॅरिक आम्ल केवळ ०.६ ग्रॅम. हा फरक शंभर पटींहून अधिक आहे. मॅलेइक आम्लात दोन्ही कार्बॉक्सिल गट एकाच बाजूला असल्याने एक हायड्रोजन बंध रेणूच्या आतच खर्ची पडतो. फ्युमॅरिक आम्लाचे गट विरुद्ध दिशांना असल्याने प्रत्येक रेणू दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी घट्ट बांधला जातो. मॅलेइक आम्लाचा द्रवणांक सुमारे १३५ अंश, तर फ्युमॅरिक आम्लाचा सुमारे २८७ अंश आहे, त्याचे हे कारण. मॅलेइक आम्लाची अधिक ध्रुवीयता आणि अधिक आम्लता यांचाही या फरकात वाटा आहे.

हायड्रोजन बंधाचा संबंधच नसलेले उदाहरण घेतल्यास स्फटिकाचा प्रभाव अधिक स्पष्ट होतो. अँथ्रासीन आणि फेनँथ्रीन हे तीन वलयांचे समघटक हायड्रोकार्बन आहेत. अँथ्रासीनची तीन वलये एका सरळ रेषेत असतात, फेनँथ्रीनमध्ये ती कोनात जोडलेली असतात. सरळ रेणू स्फटिकात अधिक नीट रचले जातात. त्यामुळे अँथ्रासीनचा द्रवणांक सुमारे २१७ अंश, तर फेनँथ्रीनचा सुमारे १०० अंश आहे. एक लिटर पाण्यात फेनँथ्रीन सुमारे १.१ मिलिग्रॅम विरघळते, तर अँथ्रासीन सुमारे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे वीस पटींहून अधिक फरक पडतो.

याल्कोव्स्की यांनी मांडलेल्या सर्वसाधारण विद्राव्यता समीकरणात हा विचार संख्यात्मक रूपाने येतो. त्यानुसार मोलर विद्राव्यतेचा लॉगॅरिदम हा ०.५ मधून दोन राशी वजा केल्यावर मिळतो. पहिली राशी म्हणजे द्रवणांक आणि २५ यांतील फरकाची ०.०१ पट. दुसरी म्हणजे ऑक्टेनॉल आणि पाणी यांतील विभाजन गुणांकाचा लॉगॅरिदम. सोप्या शब्दांत सांगायचे तर इतर गोष्टी समान असताना द्रवणांक १०० अंशांनी वाढला की विद्राव्यता दहा पटींनी घटते. वरील दोन हायड्रोकार्बनांच्या द्रवणांकांत ११७ अंशांचा फरक आहे, म्हणून समीकरणानुसार सुमारे पंधरा पट फरक अपेक्षित आहे. प्रत्यक्षातील आकडा त्याच्या जवळपासच आहे. आयनीभवन न होणाऱ्या संयुगांपुरतेच हे समीकरण लागू पडते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

आयनीभवन

रेणूवर विद्युत्प्रभार आला की हिशेब पूर्णतः बदलतो, कारण आयन आणि पाणी यांतील आकर्षण साध्या हायड्रोजन बंधापेक्षा पुष्कळच प्रबळ असते. बेंझॉइक आम्ल २५ अंशांना एक लिटर पाण्यात ३.४ ग्रॅम विरघळते, तर त्याचा सोडियम क्षार १०० मिलिलिटरमध्येच सुमारे ६० ग्रॅम विरघळतो. दुर्बळ आम्लाच्या बाबतीत द्रावणाचा सामू आम्लाच्या पीकेए मूल्यापेक्षा एकाने अधिक असेल तर एकूण विद्राव्यता मूळच्या अकरा पट होते आणि दोनाने अधिक असेल तर एकशेएक पट. क्षाराची स्वतःची संपृक्तता येईपर्यंत ही वाढ होत राहते.

द्विघटकी सेंद्रिय मिश्रणाचे पृथक्करण आपल्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे होत आले आहे, ते याच तत्त्वावर. सोडियम बायकार्बोनेटमध्ये कार्बॉक्सिलिक आम्ल विरघळते, बीटा नॅप्थॉलसारख्या फिनॉलसाठी सोडियम हायड्रॉक्साइड लागते आणि अमाइनसाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. विद्यार्थी हा क्रम पाठ करतात. परंतु प्रत्येक टप्प्यावर आपण रेणूची जलविद्राव्यता हेतुपुरस्सर बदलत आहोत, हे त्यांच्या क्वचितच लक्षात येते.

हळदीचा डाग साबणाने लाल का होतो, याचे उत्तरही येथेच मिळते. साबणाच्या आम्लारीधर्मी पाण्यात कर्क्युमिनच्या हायड्रॉक्सिल गटांतील हायड्रोजन निघून जातो. उरलेल्या आयनाचा रंग तांबडा असतो आणि तो पाण्यात अधिक विरघळतो, जरी अशा द्रावणात तो फार काळ टिकत नाही. हळदीवर चुन्यासारख्या पदार्थाची क्रिया करून पारंपरिक कुंकू तयार करतात, त्यामागेही हाच रंगबदल आहे. तटस्थ पाण्यात मात्र कर्क्युमिनचा लांब, सपाट रेणू प्रभाररहित असतो. त्याचे काही हायड्रोजन बंध रेणूच्या आतच गुंतलेले असतात आणि सुमारे १८३ अंशांचा द्रवणांक त्याच्या स्फटिकाची घट्ट पकड दर्शवतो. पोकळी आणि स्फटिक या दोन्ही खात्यांवर खर्च मोठा आणि परतावा तुटपुंजा, म्हणून ते तळाशी बसते.

विद्राव्यता आणि औषधे

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही, याची साक्ष औषधांचा इतिहास देतो. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरील आरंभीचे एक प्रभावी औषध. त्याच्या लहान रेणूत अमाइन आणि सल्फोनामाइड असे दोन हायड्रोजन बंध जुळवणारे गट आहेत. तरीही स्फटिकाच्या पकडीमुळे २५ अंशांना एक लिटर पाण्यात ते केवळ साडेसात ग्रॅमच्या आसपास विरघळते. अमेरिकेत १९३७ साली एका कंपनीने मुलांनाही घेता येईल असे त्याचे द्रवरूप औषध तयार केले. त्यात सुमारे १० टक्के सल्फानिलामाइड होते. इतके औषध पाण्यात मावणे शक्य नव्हते, म्हणून द्रावक म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल वापरले गेले. त्याची विषारकता तपासली गेली नाही. शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत अनेक बालके होती. या घटनेनंतर १९३८ साली तेथे औषधाची सुरक्षितता विक्रीपूर्वी सिद्ध करण्याचे बंधन घालणारा कायदा झाला.

याच द्रव्याने आपल्याकडेही बळी घेतले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. डायइथिलीन ग्लायकॉलच्या रेणूत दोन हायड्रॉक्सिल गट आणि मध्ये ईथरचा ऑक्सिजन आहे, म्हणून ते पाण्यात आणि ग्लिसरॉलमध्ये कोणत्याही प्रमाणात मिसळते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर. जी रचना त्याला उत्तम द्रावक बनवते, तीच त्याची भेसळ डोळ्यांना अदृश्य ठेवते. रासायनिक चाचणीवाचून ती ओळखता येत नाही.

स्फटिकाच्या पकडीचे महत्त्व रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाने १९९८ साली दाखवून दिले. हे औषध १९९६ साली बाजारात आले होते. दोन वर्षांनी त्याचे एक नवे स्फटिकरूप उत्पादनात अनपेक्षितपणे आढळू लागले. रेणू तोच, परंतु त्याची घडी आणि स्फटिकातील मांडणी वेगळी. हे रूप अधिक स्थिर आणि म्हणूनच कितीतरी कमी विद्राव्य होते. कॅप्सूल अपेक्षेप्रमाणे विरघळेनात, त्यांचा पुरवठा थांबवावा लागला आणि औषधाची नव्याने घडण करावी लागली. कागदावरच्या रेणुरचनेत एकही बंध बदलला नव्हता. विद्राव्यता मात्र बदलली आणि रुग्णांना मिळणारे औषध खंडित झाले.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून अध्यापनासाठी काही सूचना करता येतील. पहिली, कोणत्याही संयुगाच्या विद्राव्यतेची चर्चा करताना फळ्यावर तीन रकाने आखावेत : स्फटिकाची पकड, पाण्यातील पोकळी आणि पाण्याशी बंध. विद्यार्थ्यांनी प्रत्येक रकान्यात कारण लिहावे आणि मगच निष्कर्ष काढावा. दुसरी, संयुगाचा द्रवणांक सोबत दिल्याशिवाय घन पदार्थाच्या विद्राव्यतेचा प्रश्न विचारू नये. तिसरी, सरल आणि तृतीयक ब्युटेनॉल दोन परीक्षानळ्यांत पाण्यासोबत हलवून दाखवावे. एका नळीत दोन थर दिसतात, दुसरीत दिसत नाहीत. चौथी, बेंझॉइक आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. पांढरा साका परत येताना पाहिला की आयनीभवनाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हे प्रयोग साध्या प्रयोगशाळेत एका तासिकेत होण्याजोगे आहेत.

समारोप

‘समानधर्मी समानधर्मीत विरघळते’ हा नियम चूक नाही, अपुरा आहे. तो द्रावक आणि द्राव्य यांच्यातील नात्याविषयी सांगतो. द्रावकाचे स्वतःशी आणि द्राव्याचे स्वतःशी असलेले नाते मात्र तो सांगत नाही. सेंद्रिय संयुगाची शृंखला, शाखा, वलय, गटांची दिशा, सममिती आणि प्रभार हे रचनेचे सर्व पैलू या तीन नात्यांपैकी कोणत्या ना कोणत्या नात्यात भर घालतात किंवा उणे करतात. आपल्या वर्गातील काही विद्यार्थी उद्या औषधनिर्मितीच्या किंवा औषधचाचणीच्या प्रयोगशाळेत काम करणार आहेत. पदार्थ विरघळत नाही असे तेथे दिसले, तर द्रावक बदलण्याआधी तो का विरघळत नाही हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा आणि नवा द्रावक निवडलाच तर त्याची सुरक्षितता तपासावी. एवढी सवय पदवीच्या वर्गात लावता आली, तर या विषयाच्या अध्यापनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.